दोन काठांवरची सहल

"विचारून बघ," मकरंद म्हणाला. "पण ही शेवटची वेळ. या वेळी नाही म्हणाली, तर पुन्हा विचारायचं नाही. तूही नाही आणि मीही नाही."

जेवणाच्या टेबलावर मी नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून एका बाजूला लोणच्याची बरणी आणि दुसऱ्या बाजूला ऋजूचा खडूंचा डबा ठेवला होता. आम्ही तेव्हा इंदूरला राहत होतो. मी तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. नाताळच्या सुट्टीत दोन-तीन दिवस महेश्वरला जायचं आणि धुळ्याहून माझ्या सासूबाईंनाही तिथेच बोलवायचं, असा माझा बेत होता.

धुळ्याहून सकाळच्या बसमध्ये बसलं, की दिवस मावळायच्या आत माणूस इंदूरला पोचतं. पण नाना, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून आईंनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. ऋजू झाली तेव्हाही त्या आल्या नाहीत. बारशाला यायला जमणार नाही असं कळवलं, कारण सांगितलं नाही. शेवटी मीच दीड महिन्याची पोर घेऊन धुळ्याला गेले. तिथे त्यांनी आम्हा दोघींचं काही करायचं बाकी ठेवलं नाही. निघताना मी म्हटलं, "आता तुम्ही या." त्या ऋजूचं टोपरं सारखं करत राहिल्या.

मकरंदने त्याचा साधा अर्थ लावला होता: आईला आमचं लग्न मनातून पटलेलं नाही. माझा अर्थ थोडा वेगळा होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नाना आणि आई इंदूरला आले होते. आईंनी सगळं घर फिरून पाहिलं आणि विचारलं, "देव कुठे ठेवलेत?" मी म्हटलं, "नाहीत. आम्हा दोघांनाही सवय नाही." त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. पुढे ते 'बरं' मी किती वेळा आठवून पाहिलं असेल, सांगता येणार नाही.

तसे ते चार दिवस मजेत गेले होते. नाना पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. आता खूप चालायचंय, असं सारखं म्हणत होते. त्यांना आदल्या वर्षी हृदयाचा झटका येऊन गेला होता, म्हणून मकरंद त्यांना चिडवायचा. "नाना, तुम्हाला कोपऱ्यावरच्या पानाच्या दुकानापर्यंत रिक्षा लागते. कुठे चालताय?" सगळे हसले होते, नानाही. जाताना त्यांनी माझ्याकडे एक लहानशी, न गळणारी बाटली मागितली. प्रवासाला लागते, म्हणाले. मी कॉलेजातली एक दिली. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, आईंबरोबर बसने यात्रेला गेले असताना आजारी पडून, ते गेले.

महेश्वर मी विचार करून निवडलं होतं. नर्मदेकाठचं एवढंसं गाव. गल्लीगल्लीतून हातमागांचा आवाज येतो, घाटाच्या पायऱ्यांवर कागद-रंग घेऊन कुणी ना कुणी बसलेलं असतं. आई धुळ्याच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, त्यांना ते आवडेल. आणि मुख्य म्हणजे ते आमचं घर नव्हतं. माझ्या घराचा राग असेल तर महेश्वरवर कशाला असेल?

मी फोन लावला.

"आई, महेश्वरला येता का? आम्ही तिघं जातोय. इंदूरला यायचं नाही. तिथेच भेटायचं आणि तिथूनच परत जायचं."

पलीकडचा रेडिओ बंद झाला.

"महेश्वर?" त्या म्हणाल्या.

"हो."

"येते."

मी मकरंदकडे पाहिलं. तो वर्तमानपत्रामागे होता, पण पान उलटायचं विसरला होता.

पुढचे दिवस मी तयारीत घालवले. घाटालगत एका जुन्या घराच्या माडीवर खोल्या मिळत. त्यातली नदीकडच्या खिडकीची खोली मी आईंसाठी ठरवली. जिना किती चढा आहे, गरम पाणी मिळेल का, तेही विचारून घेतलं. धुळ्याहून येणारी बस खलघाटच्या पुलावरून नर्मदा ओलांडते आणि धामणोदला थांबते. तिथे आम्ही गाडी घेऊन उभे राहणार होतो. माझ्या मते काही राहिलं नव्हतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला.

"वैजू, ती खोली कुठल्या काठाला आहे गं?"

"गावातच. घाटाला लागून. खिडकीतून नदी दिसते."

"म्हणजे उत्तरेच्या काठाला."

"हो. महेश्वर त्याच काठाला आहे ना."

"माहितीये. मग असं कर, माझ्यासाठी खोली घेऊ नकोस. मी समोर उतरेन. नावडातोडीला."

मी नकाशा ओढला. नदीच्या दक्षिणेला, महेश्वरच्या अगदी समोर, बारीक अक्षरात ते नाव होतं. "आई, तिथे काही नाही. खेडं आहे ते."

"एक मास्तर आहेत, त्यांच्याकडे सोय होते. मी ठीकरीला उतरून कसरावदवरून येईन. पुलावरून यायची गरज नाही. तुम्ही नावेतून या मला भेटायला. ऋजूला नाव आवडेल."

"तुम्ही गेला होतात तिथे?"

"ऋजूला स्वेटर घेऊन ये. पाण्यावर गार वारा असतो."

मी मकरंदला सांगितलं, तेव्हा तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

"दोन काठांवर दोन बिऱ्हाडं. ही सहल म्हणायची, की सरहद्दीवरची भेट? वैजू, तुझ्या लक्षात येतंय ना? तिला आपल्याबरोबर एका छपराखाली दोन रात्रीसुद्धा राहायचं नाहीये. रद्द कर सगळं."

"त्या यायला तयार आहेत."

"नदीच्या पलीकडे."

"तिथपर्यंत तरी येतायत. बाकीची नदी मी ओलांडेन."

"आणि का ते विचारणार नाहीस?"

"त्यांना सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

मी एक खोली रद्द केली. मग नावाड्यांची चौकशी केली आणि मास्तरांच्या गावात निरोप धाडून आईंसाठी जाड पांघरुणाची सोय करायला सांगितलं.

महेश्वरला पोचलो त्या दुपारी मकरंद खाली उतरायलाच तयार नव्हता. "तुम्ही जा. माझं डोकं दुखतंय," म्हणाला आणि आईंसाठी ठरवलेल्या त्या खिडकीत जाऊन बसला. ती खोली आता आम्हीच घेतली होती.

घाटावर ऊन पसरलं होतं. पायऱ्यांवर एक मुलगी बुरुजाचं चित्र काढत होती, आणि ऋजू तिच्या खांद्यावरून वाकून "दगड चुकले" असं सांगत होती. तिला ओढतच मी नावेत बसवलं. पात्र रुंद होतं. मधोमध आल्यावर मागचा किल्ला, देवळं, पायऱ्या सगळं एका चित्रासारखं दिसायला लागलं. आणि समोरच्या काठावर, एका मोठ्या झाडाखाली, फिकट निळ्या लुगड्यातली आकृती उभी होती. हातात काठी.

नावाड्याने तिकडे पाहून विचारलं, "माताजी परकम्मावासी हैं क्या?"

"नहीं, मेरी सास हैं," मी म्हटलं.

त्याने वल्हं मारता मारता मान हलवली. दोन्ही असायला हरकत नाही, अशा अर्थाची ती मान होती. पण परकम्मावासी म्हणजे नर्मदेची परिक्रमा करणारी, हे मला नंतर कळलं.

ऋजू आजीला बिलगली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "आजी, तू नावेत बसायला घाबरतेस का?"

"नाही गं. मला मनाई आहे."

"कुणाची? डॉक्टरांची?"

"माझीच," आई म्हणाल्या.

मास्तरांची ओसरी नदीकडे तोंड करून होती. शेणाने सारवलेली, स्वच्छ. मास्तरांच्या सुनेने चहा आणला आणि ऋजूला वासरू दाखवायला घेऊन गेली. आम्ही दोघीच उरलो. समोर पाणी, पाण्यापलीकडे महेश्वर. माडीवरची आमची खिडकी मला इथूनही ओळखता आली.

"मकरंद नाही आला."

"डोकं दुखतंय म्हणाला."

"लहानपणीही राग आला की त्याचं डोकंच दुखायचं," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून त्यांनी तांबड्या खणाच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मी ते ओळखलं. धुळ्याला त्यांच्या देवांमध्ये, बाळकृष्णाशेजारी ते नेहमी असे. देवाचं काही असेल, म्हणून मी कधी विचारलं नव्हतं.

"तुझ्याकडे एक काम आहे," त्या म्हणाल्या. "हे बूच निघत नाही. मी खूप प्रयत्न केले. जोर लावायची भीती वाटते. तू शास्त्र शिकवतेस, तुला जमेल."

त्यांनी खण सोडला. आत जाड काचेची एक लहान बाटली होती, घासलेल्या काचेच्या बुचाची. अर्ध्याहून अधिक पाण्याने भरलेली, तळाशी बारीक गाळाची एक रेघ. काचेवर, खांद्याच्या जरा खाली, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेची खूण होती. तिच्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

"ही नानांना दिलेली," मी म्हटलं.

"हो. तूच दिलीस. रोज सकाळी हिची पूजा होते."

माझ्या घरात देव नाहीत म्हणून ज्या रागावल्या असं मी धरून चालले होते, त्यांनी माझ्या प्रयोगशाळेतली बाटली देवात ठेवली होती.

"परिक्रमेला निघताना ओंकारेश्वरला नर्मदेचं पाणी भरून घ्यायचं असतं," त्या सांगू लागल्या. "तीच मैया. तिला बरोबर घेऊन चालायचं. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. ओलांडायची नाही. ती समुद्राला मिळते तिथेच नावेने पलीकडे जायचं आणि त्या काठाने परत फिरायचं. आम्ही दोघं निघालो होतो."

"पण तुम्ही तर बसने यात्रेला..."

"मकरंदला तसं सांगितलं होतं. चालणार म्हटलं असतं तर त्याने जाऊ दिलं नसतं. मीही नकोच म्हणत होते. पण यांनी ठरवलं होतं. दिवाळीला मकरंद बोलला ना, तेव्हापासून."

मला पानाचं दुकान आठवलं. आणि आमचं हसणं.

"ओंकारेश्वरपासून इथपर्यंत चालत आलो. हळूहळू, थांबत थांबत, पण चालत. संध्याकाळी इथे ओसरीवर बसलो होतो. समोर घाटावर दिवे लागले. म्हणाले, परत येताना त्या काठाने येऊ, तेव्हा तिथे राहू. मग खाली जाऊन मैयाच्या या बाटलीत थोडं पाणी भरून आणलं, बूच घट्ट लावलं. म्हणाले, आता हे समुद्राशी उघडायचं. पहाटे छातीत कळ आली. मास्तरांनी जीप आणली. पुढचं तुला माहितीच आहे."

पुढचं मला माहीत होतं. धुळ्याचं हॉस्पिटल, घाईघाईने केलेला आमचा प्रवास, आणि यात्रेत दगदग झाली एवढंच सांगणाऱ्या आई.

"मी संकल्प सोडला नाही," त्या म्हणाल्या. "सोडला असता तर यांचं चालणं फुकट गेलं असतं. म्हणून ओलांडत नाही. इंदूर त्या काठाला आहे, वैजू. एवढंच."

मी नकाशा किती वेळा पाहिला होता. मी रस्त्याची लाल रेघ पाहत होते. ती निळी रेघ ओलांडून जाते, याचा कुणाला काही अर्थ असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आई, हे तुम्ही आम्हाला सांगितलं असतं तर..."

"तर मकरंदने आधी मला दोष दिला असता. तो मी सोसला असता. पण मग त्याला आपण काय बोललो ते आठवलं असतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यापेक्षा आई हट्टी आहे, हे बरं."

मी बाटली हातात घेतली. "मला कढत पाणी लागेल. आणि एक चिंधी."

मास्तरांच्या सुनेने चुलीवरचं पाणी आणून दिलं. चिंधी त्यात भिजवून मी बाटलीच्या गळ्याभोवती गुंडाळली. बुचाला लागू दिली नाही.

"गळा तापला की जरासा फुगतो," मी त्यांना सांगितलं. "बूच गारच राहिलं पाहिजे. मग ते मोकळं होतं. जोर लावायचा नाही."

मी चाकूच्या लाकडी मुठीने बुचाला हलकेच एका बाजूने टिचकी दिली, मग दुसऱ्या बाजूने. आई वाकून पाहत होत्या. बारीकसा आवाज झाला. मी बूच फिरवलं, पण काढलं नाही. बाटली त्यांच्यापुढे धरली.

"तुम्ही काढा. पण नाना म्हणाले होते ना, समुद्राशी उघडायचं?"

"ते म्हणाले होते," आई म्हणाल्या. "पण चालायचं मला आहे. चालणं मोडलं, तिथूनच पुन्हा सुरू करायचं असतं. सुरू करताना नवं पाणी घालायला नको?"

"म्हणजे तुम्ही इथून धुळ्याला परत जाणार नाही."

"मास्तरांकडे तीन बायका उतरल्यात, नाशिककडच्या. परवा पुढे निघतात, मास्तरांनी आधीच कळवलं होतं. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. म्हणून तर तुझ्या फोनवर लगेच हो म्हटलं. जाण्याआधी तुम्हा सगळ्यांना एकदा बघायचं होतं." त्यांनी खणाची घडी घातली. "तुझ्या घरी यायचंच आहे मला. फक्त माझा रस्ता लांबचा आहे. समुद्रावरून येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मकरंदला नावेत बसवलं. काय घडलं ते सांगितलं नाही. "चल, नाहीतर मी ऋजूला तुझ्या डोक्याजवळ बसून गाणी म्हणायला लावेन," एवढंच म्हटलं. सगळ्या वाटेत तो पाण्याकडे बघत होता.

ओसरीवर आईंनी बाटली खणावर ठेवली होती. त्याने आईला वाकून नमस्कार केला, सरळ झाला आणि त्याची नजर बाटलीवर गेली.

"ही तुझ्या लॅबमधली ना?" त्याने मला विचारलं. "नानांनी नेली होती."

तो बाटलीकडे बघत राहिला, मग कोपऱ्यात टेकवलेल्या काठीकडे, मग आईच्या पायांतल्या कॅनव्हासच्या बुटांकडे. त्याला समजायला फार वेळ लागला नाही. तो तिथेच पायरीवर बसला.

"कुठपर्यंत?" त्याने विचारलं.

"ओंकारेश्वरपासून इथपर्यंत," आई म्हणाल्या.

"चालत?"

"चालत."

"त्यांना चालायची मनाई होती, आई. त्यांच्या छातीत..." तो थांबला. त्याचा चेहरा बदलत गेला, आणि काल आईंना कशाची भीती वाटत होती ते मी प्रत्यक्ष पाहिलं. "मी बोललो म्हणून."

आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या उठल्या आणि त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसल्या.

"त्यांचा तुला एक निरोप होता," त्या म्हणाल्या. "जीपमध्ये सांगितला. मी दिला नाही, ही माझी चूक. तुला लागेल असं वाटलं. ते हसत सांगत होते, तू तसाच घे." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हणाले, मक्याला सांग, एकदाही रिक्षा केली नाही म्हणावं."

मकरंद हसला. खरंच हसला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, त्यांची नजर पलीकडच्या घाटाकडे होती. ऋजू वासराला सोडून धावत आली आणि विचारू लागली, "बाबांचं डोकं अजून दुखतंय का?"

"कमी होतंय," आई म्हणाल्या.

बाटलीत नवं पाणी त्यानेच भरून आणलं. बूच लावण्याआधी मी त्याला थोडं तूप लावायला सांगितलं, म्हणजे पुन्हा अडकणार नाही. आईंच्या फुलवातींच्या डबीत तूप होतंच.

होळीच्या सुमारास त्या उत्तरेच्या काठाने महेश्वरला आल्या. आम्ही तिघं घाटावर उभे होतो. त्या रात्री त्या नदीकडच्या खिडकीच्या खोलीत राहिल्या आणि खिडकी लावू दिली नाही. समोर नावडातोडीला एक मिणमिणता दिवा होता. सकाळी उठून त्या पुढे चालू लागल्या. उगमाला वळसा घालून ओंकारेश्वरला पोचायचं अजून बाकी होतं. इंदूर बाजूला होतं. त्या वळल्या नाहीत, आम्हीही म्हटलं नाही.

उन्हाळा संपता संपता एका दुपारी आमच्या फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी गॅलरीतून पाहिलं. आई उतरत होत्या. रापलेल्या, बारीक झालेल्या. त्या सावकाश जिना चढून वर आल्या आणि चपला दाराशी काढून आत आल्या. मला त्यांनी तो खण दिला. बाटली रिकामी होती, धुऊन पुसून कोरडी केलेली.

"पाणी ओंकारेश्वरला वाहिलं," त्या म्हणाल्या. "ही तुमच्या कॉलेजची. परत करायची राहिली होती."

मग मकरंदकडे वळून म्हणाल्या, "बसस्टँडपासून मात्र रिक्षा केली रे. खाली उभाय तो. माझ्याकडे सुटे नाहीत."

मकरंद पैसे द्यायला खाली गेला. रिक्षा गेल्याचा आवाज आला. मी चहाचं आधण ठेवलं, ते उकळलं, आईंचा चहा पिऊन झाला, तरी तो वर आला नव्हता; फाटकाशीच, रिक्षा गेली त्या रस्त्याकडे बघत उभा होता.